सर, तुमची कोणती भरती?

फजरची अजान कानावर पडते तेव्हा मी ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत असतो. गेली दोन वर्षे माझे घड्याळ हेच. शेजारचे चाचा नमाजाला निघालेले असतात. सुरुवातीला ते विचारत, "मास्तर, इतक्या सकाळी कुठे?" आता विचारत नाहीत. उलट एखाद्या दिवशी मी दिसलो नाही, तर संध्याकाळी घरी येऊन तब्येतीची चौकशी करून जातात.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे गाव. मी इथे शिक्षक. वय त्रेपन्न. खेळाडू म्हणून माझ्या नावावर शाळकरी वयातला लंगडीचा विजयही नाही. एकावन्नाव्या वर्षी रक्ताची तपासणी केली तेव्हा साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही वाढलेला. माझे वडील हृदयविकाराने गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि तोंडी सांगितले, "चालत जा." मी चालू लागलो, आणि चालता चालता एक दिवस पळू लागलो. आता २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी करायची, असे मनाशी ठरवले आहे.

आमच्याकडे पळण्याला 'पयणे' म्हणतात. पहिल्या आठवड्यात रस्त्यावर भेटलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न केला, "काहून पयता सर, काई झालं का?" घरी कुणी आजारी असेल, बस चुकत असेल किंवा कुत्रे मागे लागले असेल, तरच मोठा माणूस पळतो, अशी गावाची समजूत. पण खरा मार्मिक प्रश्न विचारला तो भरतीच्या पोरांनी. पहाटे पाचला ही पंधरा-वीस पोरे रस्त्यावर असतात. मला धापा टाकताना पाहून त्यातला एक हसत म्हणाला, "सर, तुमची कोणती भरती?"

मी हसण्यावारी नेले. पण प्रश्न मनातून गेला नाही. आजचा हा लेख त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पहाटे जाऊन पाहा. पळणारी माणसे दिसतील, आणि त्यांतली बहुतेक अठरा ते अठ्ठावीस वयाची. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पन्नास गुणांपैकी वीस गुण या एका धावेवर. एकेका सेकंदावर घराचे भवितव्य टांगलेले. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात ज्या घरी दोन-तीन एकर जमीन आणि तीन भाऊ आहेत, तिथे हे १६०० मीटर म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगूनही पुरते कळणार नाही. त्या पोरांच्या जिद्दीबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण त्याच जिद्दीची दुसरी बाजू मी जवळून पाहिली. माझा एक जुना विद्यार्थी सात वर्षे पळाला. प्रत्येक वेळी थोडक्यात हुकला. शेवटी वयोमर्यादा उलटली. ज्या दिवशी ती उलटली, त्या दिवसापासून त्याने पळणे सोडले. टपरी टाकली, दोन वर्षांत पोट सुटले, तंबाखू सुरू झाली. मी त्याला म्हणालो, "अरे, सकाळी माझ्याबरोबर येत जा." तो म्हणाला, "आता पयून काय करू सर?"

हे वाक्य ऐकून मला माझ्याच व्यवसायाची लाज वाटली. आपण पुस्तकाचे जे केले, तेच पळण्याचेही केले. परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत आणि भरती संपली की बूट अडगळीत! सात वर्षे पहाटे उठणाऱ्या मुलाला पळण्यातला आनंद कुणी सांगितलाच नव्हता. पळणे म्हणजे जीव तोडणे, एवढेच त्याला ठाऊक.

लांब पल्ल्याचे गणित मात्र अगदी उलट आहे. ते मला चुकूनमाकून कळले. सुरुवातीला मी एक विजेचा खांब पळायचो आणि दोन खांब चालायचो. महिन्याभराने सलग एक किलोमीटर जमला. पाच महिन्यांत पाच किलोमीटर झाले आणि डोक्यात हवा गेली. आठ किलोमीटरवरून एका रविवारी एकदम तेरावर उडी मारली. तिसऱ्या दिवशी नडगीचे हाड असे ठणकू लागले की वर्गातही बसून शिकवावे लागले. सहा आठवडे सक्तीची विश्रांती. सौभाग्यवतींनी बूट माळ्यावर टाकले, आणि शिडीही शेजारी देऊन टाकली.

त्या सहा आठवड्यांत जे वाचले, विचारले, त्यातून मुख्य गोष्ट समजली ती ही. दम लवकर वाढतो, स्नायूही काही आठवड्यांत तयार होतात. पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सावकाश बळकट होतात. त्यांना महिने लागतात. आपला दम 'पुढे चल' म्हणतो तेव्हा हाड अजून मागेच असते. म्हणून अंतर थोडे थोडे वाढवायचे, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळायचे, आणि बहुतेक दिवस इतक्या सावकाश पळायचे की शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता यावे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. संथ धावेने स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येते आणि शरीर चरबी जाळायला शिकते.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाने हे जगाला दाखवून दिले. त्याचा शिष्य पीटर स्नेल अवघ्या ८०० मीटरचा धावपटू, पण लिडियर्ड त्यालाही आठवड्याला शंभर मैलांच्या घरात पळवी. स्नेलने १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे काम. याच लिडियर्डने ऑकलंडमध्ये पोट सुटलेल्या, हृदयविकार झालेल्या मध्यमवयीन माणसांना सावकाश पळायला शिकवले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, ते पाहून थक्क झाले आणि परत जाऊन त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. 'जॉगिंग'ची लाट अमेरिकेत पसरली ती त्यानंतर.

इतक्या दूर कशाला जायचे? १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावला तो बेळगावचा फडेप्पा चौगुले, आणि तो एकोणिसावा आला. त्याची निवड झाली ती पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून. आणि बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली नऊवारी नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटात पहिल्या आलेल्या लताबाई करे मूळच्या आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून ही मजूर बाई धावली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आपण त्यांचे कौतुक केले आणि केलेच पाहिजे. पण साठी ओलांडलेल्या बाईला औषधपाण्यासाठी धावावे लागते, ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात बुडता कामा नये. तिथेही पळणे गरजेपोटीच होते. गरज नसताना, केवळ बरे वाटते म्हणून पळणारी बाई आमच्या खेड्यात कधी दिसणार?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला, पोती वाहणाऱ्या हमालाला पळण्याचे धडे कशाला? मुळीच नकोत, त्यांना विश्रांती हवी. मी बोलतो आहे ते माझ्यासारख्यांबद्दल. शिक्षक, दुकानदार, वाहनचालक, कारकून, आणि शेत गड्यावर टाकून चौकात बसणारे बागाईतदार. पूर्वी आम्ही बाजाराला पायी जात असू. आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मोटारसायकलने जातो. साखरेचा आजार शहराचा राहिलेला नाही, हे कुठल्याही खेड्यातल्या औषधाच्या दुकानात विचारा.

खरे तर ही भूमी लांब चालणाऱ्यांची आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी शेकडो किलोमीटर पायी पंढरपूरला जाते. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला पट्टेदार वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आणि पैनगंगा? आमच्याच तालुक्यात ती उगम पावते, कडेने पाहिली तर ओढ्याएवढी. तीच पुढे जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडत वर्ध्येला जाऊन मिळते. लांब पल्ल्याला सुरुवातीचा वेग लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गावोगावच्या शाळांची मैदाने पहाटे उघडी ठेवा आणि तिथे दोन दिवे लावा. अंधारात पळणाऱ्या पोरांना वाहनाने उडवल्याची बातमी अधूनमधून वाचावी लागते. पोरे हौसेने डांबरी रस्त्यावर जात नाहीत, दुसरी जागा नसते म्हणून जातात. मुलींचे तर विचारूच नका. भाऊ किंवा बाप बरोबर असेल तरच त्या बाहेर पडतात, आणि भरती झाली किंवा लग्न ठरले की तेही बंद. मैदान उजेडात असेल, चार बायका फिरत असतील, तर मुलीला सोबतीची गरज उरणार नाही. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीचा एक ठराव आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस लागतो. आणि शाळेत खेळाच्या तासाला आम्ही शिक्षकांनी पहिला आलेल्याला शाबासकी देताना, न थांबता शेवटपर्यंत पळालेल्यालाही जवळ घ्यावे.

माझी तयारी आता सोळा किलोमीटरवर आली आहे. ज्वारीची भाकरी, गूळ-शेंगदाणे आणि परतल्यावर मिठाचे ताक, हा माझा खुराक. वाचकांपैकी कुणाला सुरुवात करायची असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मीही तपासणी करून घेतली, गोळ्या मनाने सोडल्या नाहीत. डोळा आहे तो साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनवर. २०१२ पासून ती होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तसेच उतरायचे. आमचा भागही अजिंठ्याच्या डोंगररांगेतला, तेव्हा सरावाला चढांची वाण नाही. जमेल का? ठाऊक नाही. सोळानंतरचे पाच किलोमीटर सर्वांत लांब असतात, असे जाणकार सांगतात.

मात्र एक गोष्ट जमली. गेल्या महिन्यात टपरीवाला विद्यार्थी एका पहाटे ओट्यासमोर येऊन उभा राहिला. जुनेच बूट, तळवा झिजलेला. पहिल्याच वळणावर सवयीने तो सुसाट सुटला आणि पुढे गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलेला मला सापडला. मी म्हणालो, "बाबा, माझ्याशी बोलत बोलत चल." त्याला सावकाश पळताच येईना! तीन आठवडे लागले त्याला माझ्या वेगाने पळायला शिकायला. परवा आम्ही सहा किलोमीटर गप्पा मारत गेलो. टपरीची उधारी, मुलीची शाळा, सोयाबीनचा भाव, असे सारे विषय झाले. परतताना भरतीची पोरे भेटली. त्यांतल्या एकाने त्याला विचारले, "दादा, वय गेलं ना तुमचं? आता कोणती भरती?"

तो थांबला नाही. पळता पळताच म्हणाला, "सरायची अन् माही एकच हाय."