आधी पंप की आधी मोटार?

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींचे घोडे नेमके येथेच अडले आहे. पंप नाही म्हणून मोटार कोणी घेत नाही. मोटारी नाहीत म्हणून पंप कोणी काढीत नाही! बरे, काढलेला पंप टिकेल याची तरी शाश्वती कोठे आहे? कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठी काढलेले आपले हायड्रोजन-पंप 2024 साली कायमचे बंद केले.

हे कोडे बुलढाणा जिल्ह्याने पूर्वी एकदा सोडविले आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग जलंबवरून गेला आणि खामगाव सुमारे 13 किलोमीटर बाजूला राहिले. पण खामगावचा कापसाचा बाजार मोठा. माल जाणार हे ठरलेलेच. म्हणून 1870 साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. आधी माल, मग रूळ!

हायड्रोजनलाही हाच न्याय लावावा. ठरलेल्या वाटेने रोज धावणारे ट्रक आणि बसगाड्या आधी. मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने अशी 37 वाहने आणि 9 पंप यांचे प्रयोग जाहीर केले. पुणे-मुंबई मार्ग त्यांत आहे. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेड राजाकडून जातो. तेथून रोज शंभर ट्रक हायड्रोजनवर धावणार असे उद्या ठरले, तर मेहकरला पंप काढायला कोणीही पुढे येईल.

आणि आपल्या घरच्या मोटारीचे काय? हिशेब करू या. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. तेवढ्यावर मोटार शंभरेक किलोमीटर जाते. म्हणजे बुलढाण्याहून खामगावला जाऊन परत. तीच वीज बॅटरीच्या मोटारीत भरली, तर अडीच-तीन पट पल्ला मिळतो! तेव्हा घरच्या मोटारीला बॅटरीच बरी. अवजड ट्रकला मात्र बॅटरीचे ओझे आणि ती भरण्याचा वेळ परवडत नाही. हायड्रोजनची टाकी काही मिनिटांत भरते.

राहता राहिले पाणी. किलोमागे निदान नऊ लिटर शुद्ध पाणी हवे, थंडाव्याचे निराळे. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात तर पिण्याच्या गोड पाण्याचीच पंचाईत! तेव्हा जिल्ह्यात हायड्रोजनचा कारखाना काढू म्हणणाऱ्यास गावकऱ्यांनी हार जरूर घालावा. पण त्याआधी 'पाणी कोठून आणणार?' एवढे मात्र विचारून घ्यावे.