निकोडेमस का आटले?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, वायव्येकडच्या गवताळ सपाटीवर, ग्रॅहम काउंटीत निकोडेमस नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे १४ माणसे मोजली गेली. १८८० च्या सुमारास गाव आणि भोवतालच्या वस्त्या मिळून जवळपास ५०० माणसे होती. १९३५ मध्ये ७६ उरली आणि १९५० मध्ये १६. हे आकडे एका ओळीत मांडले की गोष्ट आपसूक तयार होते : पाऊस रुसला, तरुण शहरात गेले, म्हातारे मागे राहिले, गाव संपले. प्रेअरीतल्या शेकडो गावांबद्दल हीच गोष्ट सांगितली जाते. ती सांगताना सुरात थोडी हळहळ असते आणि थोडा दोषही असतो. जणू तिथल्या माणसांनाच गाव टिकवता आले नाही. निकोडेमसचा इतिहास पाहिला तर हे वाचन टिकत नाही. हे आकडे तिथल्या माणसांच्या नाकर्तेपणाचा दाखला नाहीत. एका कुटुंबाला किती जमीन द्यायची, रूळ कुठून न्यायचे आणि कर्ज कोणाला द्यायचे हे गावाबाहेर ठरले आणि त्या निर्णयांची नोंद या आकड्यांत उतरली. निदानच चुकले असेल तर ‘माणसे आणा, गाव वाचवा’ हा उपायही चुकीचाच ठरणार.

गावाचा जन्म १८७७ चा. दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना दिलेले संरक्षण संपले, तेच हे वर्ष. त्याच्या चारच वर्षे आधी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. पण ज्यांच्या मुक्तीचा तो गौरव होता, त्या माणसांना केंटकी राज्यात धड जमीनही मिळत नव्हती. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून वसाहतीची कंपनी काढली आणि सॉलोमन नदीच्या खोऱ्याची तोंडभरून स्तुती करणारी पत्रके वाटली. सप्टेंबरमध्ये केंटकीतून तीनशेवर माणसे रेल्वेने एलिस या स्थानकापर्यंत आली आणि तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर चालत गेली. समोर ना घर, ना झाड. आधी पोहोचलेले लोक जमिनीत खणलेल्या खोपटांत राहत होते. संतापलेली काही कुटुंबे लगेच परत फिरली. उरलेल्यांकडे घोडे नावालाच होते, अवजारे तुटपुंजी होती. पहिला हिवाळा निभावला तो शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी दिलेल्या अन्नावर. आणि दहा वर्षांच्या आत याच ठिकाणी दुकाने, हॉटेले, चर्च, शाळा, बँक आणि दोन वृत्तपत्रे उभी राहिली. इथे येऊन वकिली करणारे एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. दक्षिणेबाहेर राज्यपातळीवरचे पद निवडणुकीने मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शून्यातून एवढे उभे करणाऱ्या माणसांना गाव टिकवता आले नाही, असे म्हणायला बरेच धाडस लागते.

मग बिनसले कुठे? त्या काळी प्रेअरीतल्या गावाचे भवितव्य रुळांवर ठरत असे. शेतकरी घोडागाडीतून धान्य घेऊन सकाळी निघाला की संध्याकाळपर्यंत घरी परतला पाहिजे, या हिशेबाने रेल्वे कंपन्या दर आठ-दहा मैलांवर स्थानक, धान्याचे कोठार आणि त्याभोवती गाव आखत. कुठल्या गावात पाव मिळेल आणि कुठे गवत माजेल, हे कंपनीच्या आराखड्यावरची रेघ ठरवी. निकोडेमसकरांना हे नीट ठाऊक होते. मिसुरी पॅसिफिक कंपनीने रूळ गावातून न्यावेत म्हणून त्यांच्या टाउनशिपने १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे मतदानाने मंजूर केले. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या, खणलेल्या खोपटांत दिवस काढलेल्या लोकांनी एवढे कर्ज अंगावर घ्यायची तयारी दाखवली. तरी ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने आपली वाट नदीच्या दक्षिणेकडून काढली आणि काही मैलांवर बोग नावाचे स्थानक वसवले. निकोडेमसचे दुकानदार उठले आणि तिकडे गेले. काहींनी तर इमारतीच ओढत नेल्या. दोन्ही वृत्तपत्रे बंद पडली. धुळीच्या वादळांचे १९३० चे दशक अजून चाळीस वर्षे दूर होते. गावाचा व्यापारी कणा मोडला तो दुष्काळाने नाही, आणि तेव्हा तरुणांची शहराकडे रीघही लागली नव्हती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या बोगला रूळ मिळाले, त्याचे तरी काय झाले? आज तिथली वस्ती दीडशेच्या आसपास आहे. सगळ्या ग्रॅहम काउंटीत १९१० मध्ये ८,७०० लोक होते, २०२० मध्ये २,४१५ उरले. म्हणजे रेल्वे आली असती तरी निकोडेमस आटलेच असते. मला हे मान्य आहे, आणि इथेच दुसरा निर्णय समोर येतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देऊ केली. हे माप ओलाव्याच्या पूर्वेकडच्या राज्यांवरून घेतलेले होते. निकोडेमस जवळजवळ १०० व्या रेखांशावर आहे, जिथून पुढे भरवशाचा पाऊस संपतो. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच, म्हणजे निकोडेमसचे पहिले पीक हाती येण्याच्या सुमारास, सरकारला अहवाल दिला होता की या रेखांशापलीकडच्या कोरड्या मुलखात चराईवर जगणाऱ्या कुटुंबाला २,५६० एकर लागतील. तो बाजूला ठेवला गेला. नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असे छातीठोकपणे सांगणारे त्या काळी भरपूर होते. त्यामुळे जमिनीला पेलतील त्यापेक्षा कितीतरी जास्त घरे या सपाटीवर वसवली गेली. पुढे ट्रॅक्टर आला, मग ट्रक. दर आठ-दहा मैलांवर गाव असण्याचे कारणच उरले नाही. १८८० चा आकडा नैसर्गिक आणि आजचा रोगट, असे आपण गृहीत धरतो. खरे तर फुगवलेला आकडा पहिलाच होता. रेल्वेच्या निर्णयाने काय बदलले? गळती लागायची की नाही, हे त्याने ठरवले नाही. ती कोणाला आधी लागणार आणि मधल्या बरकतीच्या दशकांची कमाई कोणाच्या हाती पडणार, हे मात्र त्याने ठरवले. ती कमाई निकोडेमसच्या वाट्याला आली नाही. पुढे १९३० च्या दशकात धूळ उडाली तेव्हा गावाच्या गाठीला काही नव्हते. टपाल कार्यालय १९५३ मध्ये गेले, शाळा १९६० मध्ये.

शिवाय हा १४ चा आकडा आपण समजतो तितका पक्का नाही. २०२० च्या जनगणनेत व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी लहान ठिकाणांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने मुद्दाम थोडी गडबड मिसळण्यात आली. तशीच्या तशी प्रसिद्ध झाली ती राज्यांची एकूण लोकसंख्या. शेजारच्या नेब्रास्कातल्या मोनोवाय या गावात २०१० मध्ये एकच बाई राहत होत्या; महापौर त्याच, गावातले एकमेव खानावळ-मद्यालय चालवणाऱ्याही त्याच. २०२० च्या आकडेवारीत मोनोवायची लोकसंख्या दोन छापली गेली. दुसरा माणूस कागदावरच जन्मला होता. हा मजेचा भाग सोडला तरी मोठ्या शहराला दोन-तीन माणसांची चूक जाणवत नाही, चौदाच्या गावात ती जवळपास पाचवा हिस्सा होते. त्यात निकोडेमसला नगरपालिका नाही. तिथली हद्द जनगणनेच्या सोयीसाठी आखलेली आहे, तिच्याबाहेर शेतावर राहणारा निकोडेमसकर त्या चौदांत धरला जात नाही. इतक्या डळमळीत आकड्यावरून गाव मेले की जगले याचा निवाडा करणे मला तरी पटत नाही.

जुलैच्या अखेरीस याच गावात शेकडो लोक जमतात. मुक्तीचा उत्सव म्हणून १८७८ मध्ये सुरू झालेली ही प्रथा आज ‘होमकमिंग’ म्हणून ओळखली जाते. पहिल्या वसाहतकऱ्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या देशभरातून येतात. यावर कोणी म्हणेल, वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळ्याने शाळा चालत नाही आणि टपालही येत नाही. खरे आहे. वंशजांचा जिव्हाळा म्हणजे लोकसंख्या नव्हे आणि तसे भासवूही नये. पण गावाशी नाते सांगणारे लोक आणि गावात झोपणारे लोक हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि धोरण आखताना दुसराच तेवढा पाहिला जातो. पहिला हिशेब भक्कम होता म्हणूनच निकोडेमसला १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाच्या ठिकाणाचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये टाउनशिप हॉल, दोन चर्च, हॉटेल आणि शाळा या पाच इमारतींसह ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखाली आले. वंशजांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

चौदा माणसांच्या गावावर सरकारी पैसा का खर्चावा, हा प्रश्न उरतोच. फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक दांपत्याने १९८७ मध्ये याहून पुढची मांडणी केली होती : या सपाटीचे मोठे भाग शेतीतून मोकळे करावेत आणि तिथे पुन्हा बायसन चरू द्यावेत. प्रेअरीतले लोक तेव्हा खवळले होते. पॉपर यांचे अर्धे निदान मला बरोबर वाटते. वसाहत गरजेपेक्षा दाट झाली होती, हे मीही वर म्हटले आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ग्रॅहम काउंटीत आजही गहू पिकतो. या शेतीला माणसे कमी लागतात, शून्य नाही. जी आहेत त्यांना दवाखाना, शाळा आणि धड रस्ता लागतोच. या सोयी गावागणिक डोकी मोजून ठरवल्या तर एकेक करून सगळ्याच बंद होतील, कारण प्रत्येक गाव वेगळे मोजले की अपुरेच भरते. त्या काउंटीच्या मापाने ठरवल्या आणि हिल सिटीसारख्या मुख्यालयात नीट चालवल्या, तर भोवतालची चौदांची, दीडशेची गावे लहानच राहूनही निभतील. वाढ झालीच पाहिजे हा हट्ट सोडला तर हा खर्चही आवाक्यातला आहे.

कॅन्सस सरकारचा भर मात्र डोकी वाढवण्यावर आहे. २०११ पासून राज्याने निवडक ग्रामीण काउंट्यांत राहायला येणाऱ्या पदवीधरांचे १५,००० डॉलरपर्यंतचे शैक्षणिक कर्ज पाच वर्षांत फेडून द्यायची योजना राबवली, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना प्राप्तिकरातही सूट देऊ केली. शिक्षक किंवा परिचारिका काउंटीत आणायची तर अशा योजनेचा उपयोग होईल. पण निकोडेमसला परतून शेती करू पाहणाऱ्या वंशजाची अडचण शैक्षणिक कर्जाची नाही, जमीन आणि पीककर्जाची आहे. केंद्राच्या कृषी खात्याने कर्ज देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना डावलले, हा आरोप घेऊन शेतकरी न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये पिगफर्ड खटल्यात सरकारला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. भरपाईचे पैसे आले तरी कर्ज वेळेवर न मिळाल्याने विकलेली जमीन परत येत नाही. निकोडेमसभोवतीची जमीन कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हातून एकेक तुकड्याने अशीच निसटत गेली. कोरड्या मुलखात १६० एकरांवर संसार चालत नाही हे पॉवेल यांनी १८७८ मध्ये सांगितले होते, आणि आजच्या गव्हाच्या शेतीला तर हजारो एकर लागतात. राज्याला निकोडेमससाठी खरोखर काही करायचे असेल तर बाहेरून येणाऱ्या पदवीधराला सवलत देण्याआधी, विक्रीला निघालेली जमीन घेऊ पाहणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याच्या कर्जाला हमी द्यावी. त्याने २०३० च्या जनगणनेत चौदाचे पंधरा झाले नाहीत तरी चालेल.