कपडा आपल्या मापाचा

एप्रिलचा पहिला आठवडा होता. वार्षिक परीक्षा चालू होती आणि माझी ड्युटी नववीच्या वर्गावर होती. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पंखे फिरत होते, तरी वर्ग भट्टीसारखा तापला होता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या अंगात जाड जॅकेट होते, चेन गळ्यापर्यंत लावलेली. मी दोनदा सांगितले, "बेटा, जॅकेट काढून ठेव." तिने दोन्ही वेळा नुसती मान हलवली आणि लिहीत राहिली. अकराच्या सुमारास तिचे डोके बाकावर टेकले.

तिला स्टाफरूममध्ये आणून पंख्याखाली निजवले, तोंडावर पाणी मारले. जॅकेटची चेन उघडू लागले तर तिने माझा हात घट्ट धरला. "टीचर, ते राहू द्या ना." आतला युनिफॉर्म घामाने ओलाचिंब झाला होता. खांद्याची शिलाई दंडावर उतरली होती, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या आणि छातीवर मात्र कमीज ताणलेली होती.

ओआरएसचे पाणी पिऊन तिला बरे वाटले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. उंची चार फूट दहा इंच, अंगाने भरलेली मुलगी. दुकानातून छातीच्या मापाने मोठ्यात मोठा युनिफॉर्म आणलेला. वर्गातल्या मुली "तंबू आला" म्हणून हसायच्या. म्हणून वर्षभर जॅकेट. घरी सांगितले तर अम्मीचे उत्तर ठरलेले: "आधी अंग कमी कर, मग नवीन कपडे घेऊ."

ते वाक्य ऐकून मी गप्प झाले. कारण तेच वाक्य मी स्वतःला कितीतरी वर्षे ऐकवत आले होते. माझी उंची चार फूट अकरा इंच. दोन बाळंतपणांनंतर अंग भरले ते भरलेच. माझ्या कपाटात एक कप्पा "बारीक झाल्यावर" घालायच्या कपड्यांचा आहे. दर उन्हाळ्यात ते कपडे बाहेर काढते, ऊन देते आणि घडी घालून परत ठेवते. रोज घालायला मात्र कोणाचे तरी उरलेले, घाईत घेतलेले, मापात नसलेले काहीतरी.

वाचक बहिणींनो, म्हणून या महिन्यात याच विषयावर बोलू. ठेंगणा, भरलेला बांधा, वर मे महिन्याचे ऊन आणि त्यात सुट्टीतले निकाह आणि वलीमे. माझे म्हणणे एवढेच आहे: आज जे अंग आहे, कपडा त्याच्या मापाचा हवा. वजन कमी करणे हा तब्येतीचा भाग आहे, ते प्रयत्न चालू द्यावेत. पण तोवर अंगाला कपड्याची शिक्षा देऊ नये.

काही बहिणी म्हणतील, शोभण्या-न शोभण्याचा विचारच कशाला? झाकले म्हणजे झाले. पण सूरह अल-आराफमध्ये पोशाखाचा उल्लेख येतो तिथे अंग झाकणे आणि शोभा, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. आणि तक्व्याचा पोशाख या सगळ्याहून उत्तम म्हटला आहे. म्हणजे नीटनेटके दिसणे हा काही हयेच्या विरुद्धचा पक्ष नव्हे. उलट, सैल आणि ढगळ यांत फरक आहे. सैल कपडा खांद्यावर नेमका बसतो आणि खाली मोकळा पडतो. ढगळ कपडा खांद्यावरून घसरतो, वाकले की गळा उघडा पडतो आणि दिवसभर सावरत बसावे लागते. ज्या कपड्याची सारखी आठवण होते तो कपडा मापाचा नाही, हे पक्के समजावे.

आधी टेप, मग दुकान

घरात टेप असतेच. मुलीला किंवा बहिणीला सांगून माप घ्या आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा: खांदा, छाती, कंबर, सीट, दंड, बाहीची लांबी आणि कमीजची उंची. श्वास रोखून, पोट आत ओढून घेतलेले माप हे आपले माप नव्हे. टेप सैल धरा, श्वास सोडा आणि जो आकडा येईल तो लिहा. तो आकडा फक्त शिंप्यासाठी आहे, तो काही परीक्षेचा निकाल नाही.

आता हिशेब पाहा. बाजारातले लांब कुर्ते साधारण 44 ते 46 इंचांचे असतात. माझ्या उंचीच्या बाईचे खांद्यापासून जमिनीपर्यंतचे अंतरच सुमारे 48 इंच भरते. म्हणजे उंच बाईला पोटरीपर्यंत येणारा कुर्ता आपल्याला जवळजवळ घोट्यापर्यंत येतो. त्यात नंबर मोठा घेतला की रुंदीबरोबर खांदा, मुंढा आणि बाहीही वाढते. अंगाला रुंदी हवी असते, पण खांदा आणि लांबी फुकट गळ्यात पडते. मग आपण आरशात पाहून स्वतःलाच दोष देतो. दोष अंगाचा नसतो, तो कपडा आपल्यासाठी कापलेलाच नसतो.

म्हणून तयार कपडा घेताना छाती आणि सीट या दोन जागी मोकळा बसेल असा घ्यावा आणि लांबी, बाही शिंप्याकडून कमी करून घ्यावी. खांदा एक-दीड इंच उतरत असेल तर तो कपडा सोडून द्यावा, कारण खांदा आवळणे हे सर्वांत किचकट काम असते.

शिवून घेतले तर उत्तमच. उंची कमी असल्याने कमीजला, पूर्ण बाहीसकट, अडीच मीटर कापड बहुतेक पुरते. अंग भरलेले म्हणून फार कापड लागेल, ही धास्ती नको. शिंप्याला या गोष्टी आधी सांगाव्यात:

छातीच्या मापावर तीन-चार इंच मोकळीक ठेवावी, म्हणजे आत हवा खेळते.

छाती भरलेली असेल तर पुढचा भाग मागच्यापेक्षा साधारण एक इंच लांब कापावा. नाहीतर घातल्यावर पुढची कड वर उचलली जाते.

कमीजची कड पोटरीच्या सर्वांत जाड जागी संपू नये. एक तर गुडघ्याच्या जरा खाली संपावी, नाहीतर पोटरी संपून पाय बारीक होतो तिथे. माझ्या उंचीला ही मापे साधारण 35 आणि 40 इंच येतात.

बाजूचे चाक कमरेपासून नकोत, सीटच्या खालून सुरू व्हावेत. चालताना चाक फाकत असतील तर सीटवर कपडा आवळ आहे असे समजावे.

शिलाईत दोन बोटे माया ठेवायला सांगावे. अंग कमी-जास्त झाले तरी कपडा कामाला येतो.

कापडाची परीक्षा

आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल मालेगाव-भिवंडीच्या मागांवर पेटते, तरी दुकानात गेले की "प्युअर कॉटन" या शब्दाला आपणही भुलतो. कापडाच्या कडेचे दोन धागे काढून जपून काडीवर धरावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ते कापड मे महिन्यासाठी नाही.

मलमल सर्वांत थंड, पण पातळ. तिला अस्तर लागते आणि अस्तरही सुतीच हवे. वर मलमल आणि आत क्रेपचे अस्तर म्हणजे अंगाला प्लॅस्टिकच. फार खळ असलेले कडक सुती कापड अंगापासून फुगून उभे राहते आणि आहे त्यापेक्षा घेर वाढवते. मऊ केंब्रिक किंवा दोन-चार धुण्यांनी नरम झालेले हातमागाचे कापड आपल्या बांध्याला छान पडते. रेयॉन पडायला सुंदर, पण घामाने ओले झाले की जड होऊन चिकटते. कोकणच्या दमट हवेत ते नकोच. मराठवाडा, खानदेश, विदर्भाच्या कोरड्या झळांत पूर्ण बाहीचा सैल सुती कपडा बिनबाहीच्या कपड्यापेक्षा सुखाचा, कारण ऊन थेट कातडीवर लागत नाही.

सुती कापड आणि रेयॉन शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात मेहनतीने घेतलेले माप आटून जाते.

रंग, पट्टे आणि काठ

आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकदा मी फळ्यावर एकाच मापाचे दोन चौकोन काढले. एक आडव्या रेषांनी भरला, दुसरा उभ्या. मुलींना विचारले, उंच कोणता दिसतो? बहुतेकींनी आडव्या रेषांचा सांगितला. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवले आहे. तेव्हा पट्ट्यांची भीती सोडून द्या.

खरा फरक पडतो तो तुकडे पडल्याने. कमीज एका रंगाची, सलवार विरुद्ध रंगाची, त्यावर खाली चार बोटे रुंद काठ, असे केले की आधीच कमी असलेली उंची तीन ठिकाणी कापली जाते. कमीज आणि सलवार एकाच रंगछटेची घ्यावी, ओढणी हवी तर उठावदार. काठ बारीक, बुट्टी लहान किंवा मध्यम. लग्नाच्या कपड्यांतही छातीभर जरदोजी आणि खाली भारी घेर, असे दोन्ही एकदम नको. नाकापेक्षा मोती जड होतो. गळ्याला आणि बाहीला काम पुरे आहे.

सलवारीत पटियाला पद्धतीच्या खूप चुण्या टाळाव्यात. सरळ, घोट्यापर्यंतची सुती पॅन्ट बरी. आणि एक गोष्ट, जी आपण बोलत नाही. उन्हाळ्यात मांड्या घासून सोलवटतात, छातीखाली घामोळे येते. लाज न बाळगता मियानी जरा मोठी ठेवायला सांगावी, आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालावी आणि नायलॉनच्या लेगिंग्ज बाजूला ठेवाव्यात. चट्टे उठून खाज राहत असेल तर मेडिकलमधून कोणतीही ट्यूब आणून लावू नये. डॉक्टरांना दाखवावे.

ओढणी आणि अबाया

मोठी जाड ओढणी छातीवर गोळा झाली की बांधा आखूड दिसतो आणि गळ्याशी घाम साचतो. पातळ मलमलची ओढणी, पदर लांब सोडून पिन लावलेली, अंगही झाकते आणि सरळ पडते.

अबायाचा नंबर म्हणजे बहुधा त्याची इंचांतली लांबी असते. आपल्या उंचीतून नऊ इंच वजा केले की अंदाज येतो. चार फूट अकरा इंचाला 50. मात्र 50 नंबरचे अबाये रुंदीलाही लहान असतात, म्हणून भरल्या अंगाला मोठा घेऊन खालून कापून घ्यावा. जमिनीवर लोळणारा अबाया नुसता मळत नाही; स्कूटरच्या चाकात, मोटरसायकलच्या चेनमध्ये अडकून जिवावर बेततो. मागे बसताना अबाया आणि ओढणीची टोके मांडीखाली दाबून घ्यावीत.

काळ्या रंगाचे काय? 1980 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या झग्यांवरचा अभ्यास छापून आला होता. उन्हात काळा झगा असो की पांढरा, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच भरली. काळे कापड जास्त तापते खरे, पण झगा सैल असल्याने आतली हवा फिरत राहते आणि ती जादा उष्णता अंगाला लागण्याआधीच निघून जाते. यातले 'सैल' हे महत्त्वाचे. आत जाड ड्रेस आणि वर आवळ पॉलिएस्टरचा अबाया असेल तर हा फायदा मिळत नाही. आत एकच पातळ सुती कपडा असू द्यावा.

त्या मुलीच्या अम्मीला मी शाळेत बोलावले. त्याही आमच्यासारख्याच, ठेंगण्या आणि भरलेल्या. आधी संकोचल्या, मग म्हणाल्या, "टीचर, माझ्या आईने मला हेच सांगितले होते. मी तेच पुढे सांगितले." त्यांचे डोळे भरून आले. मग आम्ही दोघींनी तिथेच टेप लावून मुलीचे माप घेतले. चार दिवसांत नवा युनिफॉर्म शिवून झाला.

निकालाच्या दिवशी ती आली. वजन तेवढेच, उंची तेवढीच. अंगात जॅकेट नव्हते. मार्कशीट घेतली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहत हळूच म्हणाली, "टीचर, एक सांगू? तुमच्या ड्रेसचा खांदा उतरलाय. एक इंच तरी."

त्याच संध्याकाळी मी शिंप्याकडे गेले. "बारीक झाल्यावर"च्या कप्प्यातले तीन ड्रेस नेले होते. दोघांत माया निघाली. तिसरा बहिणीच्या मुलीला दिला.