प्रिन्स एडवर्डच्या शाळांना कुलूप कोणी लावले?



कोर्टात जिंकलेला हक्क घरी पोहोचेपर्यंत वाटेत कोण लुबाडतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स एडवर्ड नावाच्या परगण्यातील शाळांचा इतिहास वाचावा. परदेशातील एका लहानशा, तंबाखू पिकविणाऱ्या परगण्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परमपूज्य बाबासाहेबांना तसे वाटले नव्हते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत आहेत हे कळताच त्यांनी 1946 च्या जुलै महिन्यात डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. तेव्हा त्यांच्या अनुयायांनी तिकडे पाहिले तर ते वावगे ठरणार नाही.

फार्मव्हिल हे या परगण्याचे मुख्य गाव. गुलामगिरीच्या पायावर उभ्या असलेल्या दक्षिणी राज्यांचा सेनापती जनरल ली याने 1865 साली ज्या अॅपोमॅटॉक्स येथे शस्त्रे खाली ठेवली, ते ठिकाण शेजारच्याच परगण्यात आहे. गुलामगिरी गेली, परंतु शाळा दोन झाल्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. शाळा वेगळ्या असल्या तरी सारख्या असल्या म्हणजे अन्याय होत नाही, असे तेथील कायदा सांगत असे. ते सारखेपण कसले होते? 1939 साली बांधलेले कृष्णवर्णीयांचे मोटन हायस्कूल 180 विद्यार्थ्यांपुरते होते. 1951 साली त्यात साडेचारशे मुले कोंबलेली होती. जागा पुरेना म्हणून शाळामंडळाने आवारात लाकडी खोपटी उभी केली व त्यांवर डांबरी कागद ठोकला. पाऊस आला की ती गळत. हिवाळ्यात शेगडीजवळचे मूल भाजून निघे आणि दाराजवळचे गारठे. व्यायामशाळा नाही, भोजनगृह नाही. पालक शाळामंडळाकडे खेटे घालीत आणि आश्वासने घेऊन परत येत.

23 एप्रिल 1951 रोजी त्या शाळेतील बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने व तिच्या सोबत्यांनी खोटा निरोप धाडून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढले, सर्व विद्यार्थ्यांना सभागृहात जमविले, शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि संप पुकारला. साडेचारशे मुले वर्गाबाहेर पडली. त्यांनी वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे कृष्णवर्णीय वकील आले. येथे क्षणभर थांबा. मुलांना व पालकांना चांगली इमारत हवी होती. वकिलांनी सांगितले, निराळ्या चांगल्या इमारतीसाठी आम्ही भांडणार नाही. निराळेपणच मोडावयाचे असेल तर आम्ही तुमचे वकीलपत्र घेऊ. रेव्हरंड ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा भरली आणि पालकांनी ती अट मान्य केली. 117 विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे 1953 साली शाळामंडळाने नवी कोरी इमारत बांधून दिलीदेखील. पालकांनी केवळ इमारतच मागितली असती, तर इमारत मिळाली असती आणि भिंतही कायम राहिली असती. महाडला 1927 साली आपले पूर्वज केवळ तहान भागविण्यासाठी चवदार तळ्यावर गेले नव्हते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या अटीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हा दावा इतर चार दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 मे 1954 रोजी ब्राऊन खटल्याचा प्रसिद्ध निकाल लागला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. मात्र पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीची तारीख न ठरविता ती ‘योग्य त्या त्वरेने’ करावी अशा अर्थाचा हुकूम दिला. आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, हुकूमनामा हातात पडला म्हणजे पक्षकार पेढे वाटतो, परंतु खरे भांडण दरखास्तीपासून सुरू होते. ज्या हुकूमनाम्यात तारीख नाही तो प्रतिवादीच्या सोयीचा असतो. प्रिन्स एडवर्डच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी ही सोय पुरेपूर वापरली. पाच वर्षे त्यांनी काहीच केले नाही.

1959 च्या मे महिन्यात वरिष्ठ संघराज्य न्यायालयाने सप्टेंबरपासून शाळा एकत्र करण्याचा हुकूम दिला. त्यावर परगण्याने काय केले ते नीट वाचा. त्यांनी हुकूम मोडला नाही. दाराशी लाठी घेऊन कोणी उभे राहिले नाही. परगण्याच्या निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळाने जून महिन्यात अंदाजपत्रक मांडले आणि त्यात शाळांसाठी एक डॉलरचाही कर बसविला नाही. तिकडे शाळा चालविते शाळामंडळ, परंतु पैसा देते पर्यवेक्षक मंडळ. पैसा नाही म्हणून शाळा नाही. शाळा नाही म्हणून एकत्र बसण्याचा प्रश्न नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा राज्याने त्याच वर्षी रद्द करून तो विषय स्थानिकांच्या मर्जीवर सोपविला होता. परगण्यातील सर्व सार्वजनिक शाळांना कुलूप लागले आणि ते पाच वर्षे निघाले नाही.

गोऱ्यांची मुले मात्र घरी बसली नाहीत. त्यांच्यासाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी नावाची खासगी शाळा चर्चमधून व मिळेल त्या इमारतींतून त्याच वर्षी सुरू झाली. पुढच्या वर्षी सरकारी तिजोरी मागल्या दाराने उघडली. खासगी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे राज्याकडून 125 ते 150 डॉलर, परगण्याकडून आणखी 100 डॉलर, आणि अकॅडमीला देणगी देणाऱ्यास मालमत्ता करात पाव हिस्सा सूट. पालकांचे निवडीचे स्वातंत्र्य, असे याचे गोंडस नाव होते. कागदावर हे अनुदान कोणत्याही वर्णाच्या पालकाला खुले होते! ज्या गरीब गोऱ्यांना उरलेली फी परवडली नाही त्यांची मुलेही निरक्षर राहिली. उच्चवर्णीयांचा अहंकार स्वतःच्या गरिबांनाही सोडत नाही.

सुमारे 1,700 कृष्णवर्णीय मुलांची शाळा गेली. साठएक वरच्या वर्गातील मुलांना नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल कॉलेजने आश्रय दिला. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने काहींना परराज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शिकविले. चर्चच्या तळघरांतून काही वर्ग चालले, पण ते शाळेची जागा घेण्याजोगे नव्हते. बाकीची मुले शेतावर गेली. ज्या वयात अक्षर ओळखावयाचे त्या वयात तंबाखूची पाने खुडली.

याच काळात गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठीही एक खासगी शाळा काढून देण्याची तयारी दाखविली. ग्रिफिन व त्यांच्या लोकांनी ती नाकारली. मला हा या इतिहासातील सर्वांत कठीण निर्णय वाटतो. घरात लेकरू निरक्षर राहत असताना समोर आलेली शाळा नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्या आईबापांना दोष देणारेही तेव्हा होते. परंतु ती देणगी घेतली असती तर सार्वजनिक शाळा कायमची बुडाली असती व चालू दावाही निकामी झाला असता. माझ्या मते त्यांनी केले ते बरोबर केले. मात्र त्याची किंमत मुलांनी मोजली.

1963 च्या सप्टेंबरात केनेडी सरकारच्या पुढाकाराने देणग्यांवर मोफत शाळा उघडल्या. त्यांत गोरी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. अखेर 25 मे 1964 रोजी ग्रिफिन खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅक यांनी निकाल दिला. परगण्याचे म्हणणे होते की शाळा चालविणे किंवा न चालविणे ही आमची मुखत्यारी आहे. न्यायालय म्हणाले, हेतू पाहा. एकीकडे सार्वजनिक शाळा बंद ठेवावयाच्या आणि दुसरीकडे सार्वजनिक पैशाने फक्त गोऱ्यांची शाळा पोसावयाची, हा समान संरक्षणाचा भंग होय. जरूर पडल्यास पर्यवेक्षकांना कर बसविण्याचा हुकूमही देता येईल. शाळा उघडण्याचा हुकूम कोर्टाने द्यावा की नाही याबद्दल दोन न्यायमूर्तींनी मतभेद नोंदविला. पण त्या वर्षी शाळा उघडल्या. गोऱ्यांची अकॅडमी मात्र 1980 च्या दशकापर्यंत गोऱ्यांचीच राहिली. 2003 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने खेद प्रकट केला आणि 2004 साली शाळा हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. 1959 साली सहा वर्षांचे असलेले मूल तेव्हा 51 वर्षांचे झाले होते.

आता आपल्या घराकडे वळू. ‘तुमच्याबरोबर बसण्यापेक्षा शाळाच नको’ हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने उत्तर दिले ते असे की न्याय त्या मुलाच्या बाजूला असेल, परंतु एकासाठी शाळा इतरांना निरुपयोगी करता येणार नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा पुढे मांडले. आज असे कोणी लिहून देणार नाही. घटनेचे 29 वे कलम आड येते, 17 वे कलम आड येते, आणि 2002 च्या दुरुस्तीने आलेले 21अ कलम सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क देते. म्हणूनच हक्क कमी करावयाचा असेल तर आज तो नियमावलीत, अंदाजपत्रकात आणि पटसंख्येच्या तक्त्यात कमी होतो.

उदाहरण ताजे आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांना द्याव्या लागतात. 9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या बंधनातून मोकळे केले. कायदा तसाच राहिला, दार तेवढे बंद झाले. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली व जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली. कोणी विचारील, या कायद्यातही सरकारचा पैसा खासगी शाळेला जातोच ना? जातो. प्रिन्स एडवर्डमध्ये तो वगळण्यासाठी जात होता, येथे सामावून घेण्यासाठी जातो, हा फरक न्यायदृष्ट्या मोठा आहे. तरीही मी तुम्हाला सावध करतो. 25 टक्क्यांच्या जागी आपली थोडीच मुले जातील. बाकीची जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळेतच बसणार आहेत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव 2023 साली मागविण्यात आले, तेव्हा ते कोणाच्या वस्तीवरच्या शाळांबद्दल होते याचा तुम्ही स्वतः शोध घेतला पाहिजे. ज्यांची ऐपत आहे ते आपली मुले काढून नेतात, पट उतरतो, आणि उतरलेला पटच शाळा बंद करण्याचे कारण बनतो. आपल्यातील नोकरदार कुटुंबेही यात सामील आहेत, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. धर्म बौद्ध लिहिल्याने आपण या घटकातून बाहेर पडू अशी भीती अनेक नवदीक्षित पालक बाळगतात; 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा लाभ बौद्धांनाही मिळतो, तेव्हा ती भीती सोडा आणि मुलाच्या जातीच्या प्रमाणपत्राची व्यवस्था वेळेत करा. अनुदानाचा विनियोग कसा झाला यावर लक्ष ठेवणे हे या समितीचे कायदेशीर काम आहे. बहुतेक गावांत तिच्या सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात. आपल्या आयाबहिणींनी सभा भरल्याशिवाय सही करू नये. समितीत आपले किती पालक आहेत, गेल्या वर्षी किती पैसा आला, तो कशावर खर्च झाला, पट किती होता व किती उरला, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन ती घरी जपून ठेवावी.