आठवतं सगळं, तरी मेंदू आजारी

पन्नाशीतला सालस माणूस परक्या बाईशी लगट करू लागतो, मयताच्या घरी हसतो, मागेल त्याला पैसे देऊन टाकतो. धाराशिवच्या खेड्यापाड्यांत याला म्हातारचळ म्हणतात, नाहीतर करणी-भानामती. शिकलेले म्हणतात, ‘माणूस बिघडला’. ‘वेड कसलं? सातबारावरचा गट नंबर घडाघडा सांगतो की!’ हा त्यांचा बिनतोड वाटणारा मुद्दा. पण हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा मेंदूच्या झिजेचा आजार असू शकतो आणि त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्याचदा शाबूतच असते. टाऊ किंवा टीडीपी-४३ ही प्रथिनं पेशींत विकृत होऊन साचतात आणि कपाळामागचा व कानशिलाजवळचा मेंदू झिजतो. लाज, माया, आवर सांभाळणाऱ्या जागा नेमक्या तिथंच आहेत. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी अशा झिजेचा रुग्ण १८९२ मध्येच नोंदवला होता. आपली तपासणी मात्र अजून विसरण्यापाशीच अडकली आहे. गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, भरून घेतात त्या सीबॅक या तपासणी फॉर्ममध्ये जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे, तोही साठीपुढच्यांनाच. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. तेव्हा ‘गेल्या दोन-तीन वर्षांत यांचा स्वभाव पार बदललाय का?’ हा प्रश्नही त्यात हवा आणि तो घरच्यांना विचारायला हवा. रुग्णाला स्वतःतला बदल सहसा कळतच नाही.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक दारुड्या मेंदूचं नाव सांगून सुटेल. शंका रास्त आहे. पण जन्माचा तापट आणि उतारवयात पालटलेला, यांतला फरक गावाला चांगला कळतो. शिवाय या आजाराच्या निदानाच्या २०११ च्या निकषांनुसार आवर सुटणं, उदासीनता, सहानुभूती आटणं, तेच ते करत राहणं, खाण्याच्या सवयी बदलणं आणि नियोजन ढासळणं या सहांपैकी किमान तीन गोष्टी दिसाव्या लागतात, त्याही वाढत जाणाऱ्या. व्यसन आणि इतर मनोविकार आधी वगळावे लागतात.

‘औषधच नाही, तर तपासणीसाठी सोलापूर-लातूरचे हेलपाटे कशाला?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. झीज थांबवणारं औषध आज नाही. पण बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचे विकार, मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ यांनीही माणूस असाच बदलतो आणि त्यांवर उपचार आहेत. उलट अल्झायमरसाठीच्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी या रुग्णाचं वागणं आणखी बिघडू शकतं. शेवटी प्रश्न जमिनीचाही आहे: असा रुग्ण भलत्याच खरेदीखतावर सही करून बसू शकतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ नुसार सही करताना व्यवहाराचं बरंवाईट समजण्याइतकं मन ठिकाणावर लागतं. पण ते नव्हतं हे सिद्ध करायचं तर निदानाचा कागद खरेदीखताच्या आधीचा हवा.