सीमाभागाला आपले वकील हवेत

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि रस्त्यावरचा सीमाप्रश्न कोर्टातही गेला. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत 350 अ आणि 350 ब ही कलमे आहेत. पण ती वाचून नीट अर्ज लिहिणारा माणूस गावात नसेल तर त्यांचा उपयोग काय? आपल्याकडे मात्र हुशार मुलाला इंजिनिअरिंगला नाहीतर मेडिकलला घालायचे आणि कुठेच जमले नाही तर 'लॉ कर' म्हणायचे, ही रीत चालूच आहे. ती आता मोडली पाहिजे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'क्लॅट' परीक्षा असते. दिल्लीचे विद्यापीठ तेवढे स्वतःची वेगळी परीक्षा घेते. 'क्लॅट'ला दोन तासांत 120 प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आधी कायदा शिकलेला असावा लागत नाही, नियम उताऱ्यातच दिलेला असतो. पण पेपर इंग्रजीत आणि उतारे लांबलचक. मराठी शाळेतले मूल बुद्धीत नव्हे, वाचनाच्या वेगात अडते. त्यावर उपाय म्हणजे रोज इंग्रजी अग्रलेख वाचणे आणि घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे. परीक्षा हल्ली डिसेंबरात, बोर्डाच्या आधी होते. त्यामुळे तयारी पीयूसीच्या पहिल्या वर्षापासूनच हवी.

बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात किमान 10 वर्षे शिकलेल्यांसाठी 25 टक्के जागा राखीव आहेत. बेळगाव-खानापूरच्या मराठी शाळेतले मूलही त्यात बसते. राज्य सरकारशी आपले भांडण आहे म्हणून हा हक्क सोडायचे कारण नाही.

आता पैशाचे बोलू, कारण आम्ही बँकेतली माणसे. या विद्यापीठांत पाच वर्षांचा खर्च दहा-पंधरा लाखांवर जातो. दहा लाखांचे कर्ज 10 टक्क्यांनी 10 वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 13,200 रुपये हप्ता बसतो, शिवाय शिक्षणकाळातले व्याज वेगळे. बेळगावच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभ्या राहिलेल्या पोराला हा हप्ता झेपणार नाही. तो मुंबईच्या मोठ्या कंपनीत जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून प्रवेशाआधीच घरात बसून विचारावे, शिकून कुठे उभे राहायचे आहे? उत्तर 'मोठ्या कंपनीत' असेल तर कर्ज जरूर काढा. उत्तर 'इथेच' असेल तर बेळगावात राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय 1939 पासून आहे. महाराष्ट्रात जायचे तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस आहे. तिथल्या सीईटीचा पेपर मराठीतही असतो.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले कागद वाचू शकणारा वकील सीमाभागाबाहेर सहसा तयार होत नाही. आपल्या मुलांकडे हे भांडवल जन्मापासून आहे. मंडळांनी दरवर्षी सत्कारावर होणाऱ्या खर्चातून निदान दोन मुलांच्या परीक्षेचे शुल्क आणि पुस्तके उचलावीत. शाल-नारळ निकालानंतरही देता येईल.