गोदामाच्या बांधकामास फोर्कलिफ्ट की टेलीहँडलर?

सोयाबीनची मळणी आटोपते न आटोपते तोच माल पडेल त्या भावाने विकावा लागतो. याचे एक कारण असे की, तो कोरडा राहील अशी जागा गावात नसते. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी शेतकऱ्यांच्या गटाने वा उत्पादक कंपनीने गोदाम बांधण्याचे मनावर घेतले, म्हणजे विटा, सिमेंट व पत्रे उंचावर चढवावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. मजूर वेळेवर मिळत नाहीत. मग कोणी खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट सुचवितो, तर कोणी टेलीहँडलर. दोहोंना पुढे काटे व खाली मोठी चाके असल्यामुळे ती एकच वाटतात. परंतु तसे समजणे भागधारकांच्या पैशास व मजुरांच्या जिवास महाग पडू शकते.

फोर्कलिफ्टचा हा प्रकार शेतीच्या यंत्रातूनच निघाला. १९५८ साली फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो यांनी ट्रॅक्टर उलट दिशेने चालेल असा करून त्यावर उभा खांब बसविला. त्या खांबावरून ओझे सरळ वर जाते व सरळ खाली येते. टेलीहँडलरला मात्र दुर्बिणीच्या नळीप्रमाणे लांबणारी भुजा असते. ब्रिटनच्या जेसीबी कंपनीने असे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आणले आणि बांधकामाप्रमाणेच गवताचे गठ्ठे रचण्यासाठी ते शेतावरही रुळले.

वाशीम जिल्ह्यातील काळ्या भारी जमिनीत याच भेदाला महत्त्व येते. फोर्कलिफ्टला भिंतीस अगदी भिडून उभे राहावे लागते, आणि पायाचा नुकताच बुजविलेला चर नेमका तेथेच असतो. वरून घट्ट दिसणारी ती माती ओझ्यासकट आलेल्या चाकाखाली दबते. खांब उंचावलेला असताना एक चाक वीतभर खचले, तरी यंत्र कलंडण्यास तेवढे पुरे होते. टेलीहँडलर चरापासून दोन-तीन मीटर दूर, मुरुमाच्या पट्ट्यावर उभा राहून माल परांचीवर पोहोचवितो. यास्तव अशा जमिनीत टेलीहँडलरच पत्करावा, हे उत्तम. आवार आधीच मुरुमाने दाबून घेतलेले असेल आणि भिंती बुटक्या असतील, तर मात्र साध्या बांधणीची फोर्कलिफ्टही काम भागविते.

पण लांब पोहोचण्याचीही किंमत द्यावी लागते. तीन टनांचे म्हणून आणलेले यंत्र भुजा पुरती पुढे काढल्यावर निम्म्याहूनही कमी ओझे पेलते. सिमेंटच्या वीस पोत्यांचा एक टन होतो. तेव्हा ‘तीन टनांचे यंत्र आहे, साठ पोती ठेवा’ हा हिशेब घातक होय. किती अंतरावर किती भार, याचा तक्ता चालकाच्या बैठकीपाशी लावलेला असतो. तो नसेल किंवा चालकास वाचता येत नसेल, तर ते यंत्र परत पाठवावे. जमीन आडवी समपातळीत आहे हे पाहिल्यावाचून भुजा उचलू नये, आणि काट्यांवर माणूस चढवून पत्रे ठोकण्याची हौस तर कोणीच करू नये. पावसाळ्यात ही दोन्ही यंत्रे काळ्या मातीत रुततात. मोठ्या चाकांचा तेथे उपयोग नाही.

नुसत्या कैच्याच चढवावयाच्या असतील, तर या दोहोंचीही गरज नाही. एक-दोन दिवसांसाठी हायड्रा आणली म्हणजे झाले.

पुढे पोती रचण्यासही उपयोगी पडेल म्हणून यंत्र विकतच घ्यावे, असा आग्रह काही संचालक धरतात. परंतु पोती पॅलेटवर रचण्याची रीत जेथे अद्याप नाही, तेथे काटे घालावयाचे कशाखाली? ती रीत पडेपर्यंत हमालच पोती वाहणार आणि यंत्र दारात गंजणार. तूर्त जोते भरून झाल्यावर, भिंतीपासून योग्य अंतरावर मुरुमाचा पट्टा दाबून घ्यावा व मोजक्या दिवसांच्या ठरावाने टेलीहँडलर भाड्याने आणावा. चालक व डिझेल कोणाचे, हे त्या ठरावातच लिहून घ्यावे.